करंडक कोणाचा? बोर्स्टलमधील शर्यत आणि ॲलन सिलिटो यांची कथा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमधील ‘पब्लिक स्कूल’ म्हणविल्या जाणाऱ्या, पण वस्तुतः संपन्न घरांतील मुलांसाठी असलेल्या शाळांत मैदानी खेळ हे चारित्र्य घडविण्याचे साधन मानले जाऊ लागले, आणि टॉमस ह्यूज यांच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ (१८५७) या कादंबरीने ही श्रद्धा शाळांच्या भिंतींबाहेर नेली. खेळाचा हा नीतिपाठ रुजविण्यात ललित लेखनाचा वाटा असल्यामुळेच शंभर वर्षांनी त्याला ललित लेखनातूनच मिळालेले उत्तर विशेष महत्त्वाचे ठरते.

दरम्यान हा पाठ तुरुंगव्यवस्थेतही शिरला होता. केंटमधील बोर्स्टल या गावी १९०२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाला १९०८ च्या कायद्याने स्थैर्य दिले आणि तरुण गुन्हेगारांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवून काम, शिस्त व शिक्षण यांद्वारे सुधारू पाहणाऱ्या संस्थांना त्या गावाचेच नाव मिळाले. १९२२ नंतर तुरुंग आयुक्त अलेक्झांडर पॅटर्सन यांनी तेथे पब्लिक स्कूलमधील ‘हाउस’ पद्धत, म्हणजे मुलांचे गट पाडून प्रत्येक गट एका पालक-अधिकाऱ्याकडे सोपविण्याची रीत, आणली. हेतू निःसंशय मानवी होता. परंतु सुधारणेची व्याख्या मात्र वरूनच ठरत होती.

नॉटिंगहॅमच्या कामगार वस्तीत वाढलेल्या आणि १४ व्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात राबलेल्या सिलिटो यांनी ‘द लोनलिनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स रनर’ (१९५९) या कथेत नेमके तेथेच बोट ठेवले. बेकरीत चोरी करून बोर्स्टलमध्ये आलेला स्मिथ शेतारानांतून धावण्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी निवडला जातो, कारण संस्थेच्या प्रमुखाला, म्हणजे गव्हर्नरला, करंडक हवा असतो आणि मुलाचे जिंकणे हाच त्याच्या लेखी सुधारणेचा पुरावा असतो. स्मिथला मात्र पहाटेचे एकट्याचे धावणे मनापासून आवडते. त्या धावण्यातच त्याला विचार करायला मोकळीक मिळते, मृत बापाची आठवण येते, स्वतःचा प्रामाणिकपणा कशात आहे हे उमगते. कथेचे खरे सामर्थ्य या भेदात आहे: धावणे मुलाचे आहे, विजय संस्थेचा. म्हणूनच आघाडीवर असूनही तो अंतिम रेषेजवळ जाणूनबुजून रेंगाळतो आणि हरतो. खेळाडूची किंमत निकालावरून ठरविणाऱ्या वृत्तान्तात अशा कृतीला केवळ अपयश म्हणता येते; कथा मात्र धावणाऱ्याच्याच तोंडून सांगितलेली असल्याने वाचकाला त्या पराभवातील निवड दिसते.

या कथेवर आधारित टोनी रिचर्डसन यांच्या १९६२ मधील चित्रपटात प्रतिस्पर्धी संघ पब्लिक स्कूलचा दाखवून या संघर्षातील वर्गभेद अधिक उघड केला आहे. सिलिटो मात्र शर्यतीपाशी थांबत नाहीत: करंडक हुकताच गव्हर्नरची आपुलकी संपते आणि उरलेल्या मुदतीत स्मिथच्या वाट्याला कष्टाची, हलकी कामे येतात.