प्रवेशानुज्ञा

परदेशात प्रवेश करू इच्छिणाऱ्या परकीय नागरिकास त्या देशाच्या शासनाने आगाऊ दिलेली संमती. व्यवहारात ती व्हिसा या नावाने ओळखली जाते. ‘पाहिलेला कागद’ या अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगावरून हे नाव रूढ झाले. पारपत्र प्रवाशाचे स्वतःचे शासन देते व त्याने नागरिकत्व सिद्ध होते. प्रवेशानुज्ञा मात्र यजमान देश देतो. ती मिळाली, तरी प्रवेशाचा हक्क प्राप्त होतोच असे नाही. अंतिम निर्णय सीमेवरील अधिकाऱ्याचा असतो. तथापि या संस्थेच्या इतिहासात तपासणीचे स्थान सीमेवरून क्रमाक्रमाने प्रवाशाच्या मायदेशात सरकत गेलेले दिसते.

पहिल्या महायुद्धापूर्वी पश्चिम यूरोपात बहुतेक ठिकाणी पारपत्राविना प्रवास करता येत असे. रशिया व ऑटोमन साम्राज्य हे ठळक अपवाद होत. आशियाई लोकांवर मात्र निर्बंध त्याआधीच आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी केली. कॅनडाने १९०८ मध्ये मायदेशातून अखंड प्रवास करून न येणाऱ्यांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला. भारतातून कॅनडाला थेट जहाजसेवा नसल्याने त्याचा रोख भारतीयांकडे होता. १९१४ मध्ये कोमागाटा मारू हे जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकूव्हरला पोहोचले. प्रवासी ब्रिटिश प्रजाजन असूनही दोन महिन्यांनंतर त्यांपैकी बहुतेकांना परतावे लागले. पुढे कलकत्त्याजवळील बजबज येथे झालेल्या गोळीबारात त्यांतील अनेकजण मृत्युमुखी पडले.

महायुद्धात हेरगिरीच्या भीतीने जवळजवळ सर्वच राष्ट्रांनी पारपत्र व व्हिसा सक्तीचे केले. ही व्यवस्था तात्पुरती मानली गेली होती. पण १९२० मध्ये पॅरिस येथे राष्ट्रसंघाने भरविलेल्या परिषदेने पारपत्राचा नमुना ठरवून देऊन ती स्थिर केली. त्याच वर्षी भारतात प्रवेशासाठी पारपत्र आवश्यक करणारा अधिनियम संमत झाला. अमेरिकेच्या १९२४ च्या अधिनियमाने स्थलांतरितांची देशवार संख्या मर्यादित केली आणि त्यांना व्हिसा देण्याचे काम परदेशांतील वाणिज्यदूतांकडे सोपविले. निवड आता बंदरावर न होता प्रस्थानापूर्वीच होऊ लागली.

या कागदाचे मोल दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रकर्षाने जाणवले. मे १९३९ मध्ये सेंट लुई हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बर्गहून हॅव्हानाकडे निघाले. त्यांतील बहुतेक ज्यू निर्वासित होते. क्यूबाने त्यांचे प्रवेश-परवाने रद्द केल्याने केवळ २८ जणांना तेथे उतरता आले. अमेरिका व कॅनडा यांनीही आश्रय दिला नाही. जहाज यूरोपला परतले आणि परतलेल्यांपैकी २५४ जण नाझींच्या वंशसंहारात बळी पडले. याउलट, लिथ्युएनियातील जपानी वाणिज्यदूत चिऊने सुगिहारा यांनी १९४० मध्ये वरिष्ठांच्या सूचना डावलून दोन हजारांवर व्हिसा दिले व असंख्यांचे प्राण वाचविले.

भारतीय उपखंडात फाळणीमुळे नवी सीमा निर्माण झाली. भारत व पाकिस्तान यांच्यातील प्रवासासाठी १९४८ मध्ये परवानापद्धती आणि ऑक्टोबर १९५२ पासून पारपत्र व व्हिसा आवश्यक ठरले. काल एकाच देशात असलेल्या नातलगांना भेटण्यासाठी परकीय शासनाची संमती लागू लागली. नेपाळशी मात्र १९५० च्या तहामुळे मुक्त ये-जा कायम राहिली. ग्रेट ब्रिटनने १९८६ मध्ये भारत, पाकिस्तान, बांगला देश, नायजेरिया व घाना येथील नागरिकांवर व्हिसाचे बंधन घातले. १९८७ च्या ब्रिटिश अधिनियमाने योग्य कागदपत्रे नसलेला प्रवासी आणणाऱ्या वाहतूक कंपनीस दर प्रवाशामागे एक हजार पौंड आकार बसू लागला. त्यामुळे विमानकंपनीचा कर्मचारी जणू सीमाधिकारीच बनला.

विमानप्रवास वाढल्यावर संपन्न राष्ट्रांनी परस्परांच्या नागरिकांना व्हिसातून सूट दिली. अमेरिकेने १९८६ मध्ये अशी योजना मंजूर केली. १९८८ मध्ये ब्रिटन व जपान तीत आले. सूट दिल्याने आगाऊ तपासणी मात्र राहून जाई. ही उणीव इलेक्ट्रॉनिक प्रवास-अनुज्ञेने भरून काढली. ऑस्ट्रेलियाने ती १९९६ मध्ये सुरू केली. अमेरिकेत २००९, कॅनडात २०१६ व न्यूझीलंडमध्ये २०१९ मध्ये ती सक्तीची झाली. ब्रिटनने २०२३ पासून टप्प्याटप्प्याने तिचा अवलंब केला. प्रवासी संगणकावरून पारपत्राचा तपशील व ठराविक शुल्क पाठवितो. शासन ती माहिती आपल्या नोंदींशी ताडून पाहते आणि मिळालेली अनुज्ञा पारपत्राच्या क्रमांकाशी जोडली जाते. पारपत्रावर शिक्का उमटत नाही. विमानात बसण्यापूर्वीच कंपनी तिची खातरजमा करते. बहुतेक देशांच्या कायद्याने हा व्हिसा नव्हे. अनुज्ञा नाकारली गेल्यास व्हिसासाठी रीतसर अर्ज करता येतो. भारताने नोव्हेंबर २०१४ मध्ये ४३ देशांच्या पर्यटकांसाठी इलेक्ट्रॉनिक पद्धती सुरू केली. भारतीय नागरिकांना मात्र ब्रिटन वा अमेरिका येथे जाण्यासाठी पूर्ण व्हिसाच घ्यावा लागतो.

प्रवास सुलभ करणारी ही साधने निवडीचीही साधने आहेत. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, संकटातून थेट येऊन विनापरवाना प्रवेश करणाऱ्या निर्वासितास, त्याने त्वरित अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन सबळ कारण दाखविल्यास, त्या कारणावरून शिक्षा करता येत नाही. परंतु या संरक्षणासाठी त्याने सीमेपर्यंत पोहोचणे आवश्यक असते. तपासणी जसजशी सीमेपासून दूर गेली, तसतसे ते पोहोचणेच दुष्कर होत गेले.