दिनविशेष : ५ फेब्रुवारी
पडद्यावरच्या देवनागरीचे शिल्पकार : र. कृ. जोशी

सुलेखनकार, कवी आणि अक्षरसंरचनाकार प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी यांचे ५ फेब्रुवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले. आज त्यांचा स्मृतिदिन.

१९३६ मध्ये जन्मलेल्या जोशींनी मुंबईच्या जे. जे. मध्ये कलाशिक्षण घेतले. उल्का या जाहिरात संस्थेतील दीर्घ कारकिर्दीनंतर त्यांनी पवईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवली आणि पुढे एनसीएसटीत, म्हणजे नंतरच्या सी-डॅकमध्ये, भारतीय लिप्यांच्या संगणकीय फॉन्टचे काम केले. विंडोजमधला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट त्यांच्याच अक्षररचनेवर आधारलेला आहे. संगणकाचे मेनू, सूचना आणि बटणे देवनागरीत वाचता यावीत, हाच त्याचा मुख्य हेतू.

हे काम किती बारीक, ते पाहायचे तर नेरळ स्टेशनबाहेर एखाद्या दुकानात अर्ज टाइप करणाऱ्याच्या पडद्याकडे पाहावे. 'शिधापत्रिका' लिहिताना 'त्रि'साठी त, हलन्त, र आणि वेलांटी अशी चार चिन्हे ओळीने दिली जातात. पडद्यावर मात्र त आणि र यांचे एकच जोडाक्षर होते आणि शेवटी दिलेली वेलांटी त्याच्या आधी जाऊन बसते. कोणती चिन्हे कुठे जुळायची, वेलांटीचा वळसा कुठवर पोहोचायचा, हे फॉन्टमध्ये आधीच आखून ठेवावे लागते.

बोरूने अक्षर घोटणाऱ्या हातानेच संगणकाला देवनागरीचे वळण लावले. मराठीत टाइप करणारा प्रत्येक जण त्यांचा ऋणी आहे.