राखेचा बुधवार आणि पंधरा वर्षांचा उपवास

२०२२ साली १५ एप्रिलला गुड फ्रायडे आला, १६ला हनुमान जयंती आणि १७ला ईस्टर. पुढच्या वर्षी ६ एप्रिलला हनुमान जयंती झाली आणि ७ला गुड फ्रायडे. भिंतीवरच्या कॅलेंडरात हे सण असे शेजारी शेजारी पाहून पुष्कळांना हा योगायोग वाटतो. तो योगायोग नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, असा चर्चचा जुना नियम आहे. ही पौर्णिमा बहुधा आपली चैत्री पौर्णिमा असते. कधी ती फाल्गुनातही पडते. २०२४ साली होळीची पौर्णिमा २५ मार्चला होती आणि ईस्टर ३१ला. नाताळची तारीख सूर्याला बांधलेली आहे, ईस्टर मात्र चंद्राबरोबर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पुढेमागे होतो.

हा हिशेब मी शिकलो तो धर्मजिज्ञासेपोटी नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना तारखा जुळवण्याची गरज पडली म्हणून. माझे औपचारिक शिक्षण इतिहासाचे नाही. कागद, पेन्सिल आणि बेरीज-भागाकार यांवरच माझी भिस्त. त्या हिशेबातून एक लहानशी विसंगती हाती लागली. हा लेख तिच्याविषयी आहे. पण तिथे पोहोचण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी.

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते सुरू होते नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने. म्हणजे वर्षाचा आरंभच वाट पाहण्याने होतो. मग नाताळ. पुढे राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागतो. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी कपाळाला लावतात, माणूस मातीचा आहे याची आठवण म्हणून. तिथून ईस्टरपर्यंत शेहेचाळीस दिवस. त्यांतले सहा रविवार वगळले की उपवासाचे चाळीस उरतात. या काळात ‘आलेलुया’ हा आनंदाचा उद्गारसुद्धा उपासनेत उच्चारत नाहीत. झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे आणि मग ईस्टर. त्यानंतरचे पन्नास दिवस, पेंटेकॉस्टपर्यंत, आनंदाचे. उपवास चाळीस दिवसांचा आणि उत्सव पन्नास दिवसांचा, हे प्रमाण मला नेहमीच बोलके वाटत आले आहे.

आता ख्रिस्तपुराणाकडे वळू. स्टीफन्स हे इंग्लंडचे, येशूसंघीय. १५७९च्या ऑक्टोबरात ते गोव्याला पोहोचले आणि उरलेले आयुष्य त्यांनी मुख्यतः साष्टीत काढले. ही साष्टी कशी होती हे विसरून चालणार नाही. १५६०पासून गोव्यात इन्क्विझिशन होते आणि १५६७मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली होती. जुनी देवळे गेली, त्यांच्याबरोबर जुन्या कथा, कीर्तने आणि पुराणे गेली. नव्या धर्मात आलेल्यांच्या कानांना मात्र ओवीची सवय कायम होती. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री गुरूकडे हेच मागणे मागतो, की आम्हाला आमच्या पद्धतीचे काही वाचायला द्या. ख्रिस्तपुराण हे त्या मागणीचे उत्तर आहे. त्यामागे प्रेम होते आणि सत्ताही होती. यांतली एकच बाजू सांगणारा अर्धाच इतिहास सांगतो.

ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. भारतीय अक्षरांचे खिळे मिळावेत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पत्र लिहिले होते, पण ती इच्छा पुरी झाली नाही. पहिले पुराण ३६ अवस्वरांचे, दुसरे ५९ अवस्वरांचे. एकूण ओव्या १०,९६२. पहिल्या पुराणात विश्वाच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांच्या भविष्यवाण्यांपर्यंतची कथा येते, दुसऱ्यात येशूचा जन्म, दुःखभोग आणि पुनरुत्थान. अभ्यासक याला जुना करार आणि नवा करार अशी विभागणी म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण चर्चच्या वर्षाची रचना डोळ्यांपुढे ठेवून वाचले तर पहिले पुराण म्हणजे चार हजारांहून अधिक ओव्यांचा आगमनकाळच वाटतो. मनुष्यजात तारणाऱ्याची वाट पाहते आहे, आणि श्रोत्यालाही तितकीच वाट पाहावी लागते. दुसरे पुराण मग नाताळापासून ईस्टरपर्यंत चालत जाते.

पुढे १६४९ आणि १६५४मध्ये आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या राज्याच्या आश्रयाने हे पुराण छापले गेले, त्याच राज्याला पुराणाची बोली नकोशी झाली. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कुठे असल्याचे ज्ञात नाही.

ग्रंथ वाचला तो गोव्याबाहेर. इन्क्विझिशन, दुष्काळ आणि मराठ्यांच्या स्वाऱ्या अशा निरनिराळ्या कारणांनी गोव्यातली कोकणी ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला कानडा मुलखात, मंगळूरच्या परिसरात जाऊन वसली. त्यांच्याबरोबर ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित नकलाही गेल्या. घरची बोली कोकणी आणि वाचायचे पुराण मराठी, याची त्यांना अडचण वाटली नाही.

आता ती विसंगती. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात या समाजाने इंग्रजांना मदत केली, असा टिपू सुलतानाला संशय होता. १७८४च्या आरंभी त्याने कानड्यातल्या ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेले. त्यांची संख्या कोणी तीस हजार सांगतात, कोणी ऐंशी हजारांपर्यंत नेतात. चर्च पाडली गेली, धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले. सुटका झाली ती ४ मे १७९९ला, श्रीरंगपट्टण पडले तेव्हा. कित्येक जण परतलेच नाहीत.

मंगळुरी परंपरा सांगते, की ही धरपकड राखेच्या बुधवारी झाली. तारीख दिली जाते २४ फेब्रुवारी १७८४. मी हिशेब मांडला. १७८४चा ईस्टर ११ एप्रिलला येतो. शेहेचाळीस दिवस मागे मोजले की राखेचा बुधवार येतो २५ फेब्रुवारीला. २४ तारखेला मंगळवार होता, म्हणजे इंत्रुजचा, खाण्यापिण्याचा शेवटचा दिवस. ताळा चार वेळा केला. फरक एका दिवसाचाच राहिला.

पहिल्यांदा मला आनंद झाला. चूक सापडल्याचा आनंद, जो आमच्यासारख्या हौशी माणसांना फार लवकर होतो. नंतर तो ओसरला. एवढी माणसे काही एका दिवसात पकडली गेली नसणार. धरपकड मंगळवारी सुरू होऊन बुधवारीही चालली असेल, तर तारीख आणि वार दोन्ही आपापल्या जागी खरे ठरतात. पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. लोकांनी तारखेपेक्षा वार जपला. एका माणसाला २४ फेब्रुवारीचे काय? राखेचा बुधवार म्हटले की मात्र त्या दुःखाला वर्षात एक जागा मिळते, दरवर्षी ते आपोआप आठवते. आणि उपवासकाळाच्या चौकटीत बसलेल्या दुःखाचा पुढचा टप्पाही ठरलेला असतो.

बंदिवासात धर्मगुरू नव्हते. धर्मगुरूवाचून मिस्सा नाही. ओवी म्हणायला मात्र कोणाची अनुज्ञा लागत नाही. पाठ असली की पुरे. त्या वर्षांत ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी धीर दिला, अशी आठवण त्या समाजात सांगितली जाते. या आठवणीला दप्तरी पुरावा मागणे कठीण आहे, पण ती अशक्य मात्र वाटत नाही. मंगळूर भागात हस्तलिखिते टिकली होती, एवढे निश्चित, कारण जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली तिथूनच ख्रिस्तपुराण पुन्हा छापले. आज महाराष्ट्र हा ग्रंथ वाचतो, त्याचे पहिले श्रेय या कोकणी भाषकांचे आहे. लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातली देवनागरी प्रत जस्टिन ॲबट यांनी उजेडात आणली ती नंतर, आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली ती १९५६मध्ये.

कुतूहलापोटी मी सुटकेच्या दिवसाचाही हिशेब केला. १७९९चा ईस्टर २४ मार्चला होता आणि पेंटेकॉस्ट १२ मेला. ४ मे हा ईस्टरपासूनचा बेचाळिसावा दिवस, म्हणजे आनंदाच्या पन्नास दिवसांतलाच. बंदिवास सुरू झाला उपवासकाळाच्या उंबरठ्यावर आणि संपला ईस्टरच्या काळात. मधे सोळा ईस्टर येऊन गेले होते.

यात दैवी संकेत शोधण्याचा माझा अधिकार नाही. श्रीरंगपट्टण कोणत्या महिन्यात पडावे हे तोफांनी आणि पावसाळ्यापूर्वी मोहीम उरकण्याच्या घाईने ठरवले, चर्चच्या पंचांगाने नव्हे. पण आशेचा अर्थ मला या आकडेमोडीतून थोडा उमगला. सोळांपैकी पंधरा ईस्टर काही न बदलता गेले. तरीही कोणीतरी पौर्णिमा पाहिली असेल, रविवार मोजला असेल आणि आज उपवास सुटतो असे घरच्यांना सांगितले असेल. ते सांगणारा टिकला, म्हणून पुराण टिकले.