विंडोज एक्सपी आणि साटा नियंत्रकाचे ड्रायव्हर

विंडोज एक्सपी ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची संचालन प्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. त्यानंतर तयार झालेल्या अनेक संगणकांवर ती बसवताना एक ठरावीक अडचण येते. संगणकात हार्ड डिस्क असते, बायोसच्या पडद्यावर तिचे नाव दिसते, तरीही विंडोज बसवणारी सीडी ‘डिस्क सापडत नाही’ असे सांगून थांबते किंवा निळा पडदा दाखवते. डिस्क ज्या नियंत्रकाला, म्हणजे स्टोरेज कंट्रोलरला, जोडलेली असते त्याची भाषा जाणणारा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीवर नसणे, हे या अडचणीचे मूळ कारण होय. डिस्क बिघडलेली नसते व तिच्यावरील मजकूरही बहुधा शाबूत असतो. हे ध्यानात न आल्याने चांगली डिस्क टाकून दिली जाते किंवा घाईने तिची नव्याने विभागणी केली जाते. हातातील काम कायमचे गमावण्याचा धोका खरा तेथेच असतो.

पार्श्वभूमी

एक्सपी तयार झाली तेव्हा घरगुती व कार्यालयीन संगणकांतील हार्ड डिस्क रुंद, चपट्या पट्टीने जोडलेल्या असत. या जोडणीला आयडीई किंवा पाटा म्हणतात. तिच्यासाठी लागणारा सर्वसाधारण ड्रायव्हर एक्सपीमध्ये मुळातच आहे. पुढे अरुंद तारेची साटा जोडणी रूढ झाली. तिच्या नियंत्रकाशी संवाद साधण्यासाठी इंटेलने एएचसीआय ही नियमावली सिद्ध केली व २००४ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. अनेक वाचन-लेखनाच्या आज्ञा एकाच वेळी स्वीकारून सोयीच्या क्रमाने उरकणे आणि चालू संगणकात डिस्क जोडता किंवा काढता येणे, हे तिचे मुख्य लाभ होत.

एक्सपीचे दुसरे सुधारणा-संच २००४ मध्ये व तिसरे २००८ मध्ये आले, परंतु एएचसीआयचा सर्वसाधारण ड्रायव्हर त्यांपैकी एकातही समाविष्ट झाला नाही. तो प्रथम विंडोज व्हिस्टामध्ये आला व ती प्रणाली जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झाली. मधल्या काळातील असंख्य लॅपटॉप व मेजावरचे संगणक एएचसीआय चालू ठेवूनच विकले गेले. एक्सपी मात्र लोकांना हवीच होती, आणि या दोन गोष्टींच्या सांध्यातून ही अडचण जन्मली.

अडचणीचे स्वरूप

संगणक सुरू होताना प्रथम बायोस जागा होतो. डिस्क वाचण्याची साधी सोय बायोसकडे स्वतःची असते. तिच्या आधारे एनटीएलडीआर हा आरंभक विंडोजचा गाभा, नोंदवहीचा म्हणजे रजिस्ट्रीचा आवश्यक भाग आणि आरंभी लागणारे ड्रायव्हर स्मृतीत आणतो. येथवर सारे सुरळीत होते. त्यानंतर गाभा कारभार हाती घेतो आणि बायोसची मदत घेणे थांबवतो. त्या क्षणापासून डिस्क वाचण्याचे काम केवळ आणलेल्या ड्रायव्हरांवर येते. त्यांपैकी एकालाही नियंत्रक ओळखता आला नाही, तर ज्या डिस्कवरून विंडोज आत्ताच उचलली गेली तीच डिस्क तिला दिसेनाशी होते. मग निळा पडदा येतो व त्यावर ७बी या क्रमांकाची ‘स्टॉप’ चूक उमटते. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘आरंभाचे साधन पोहोचण्याजोगे नाही’ असा आहे. विंडोजचे चिन्ह क्षणभर झळकून मग निळा पडदा येतो, तो याच क्रमामुळे.

ड्रायव्हर डिस्कवर आहे, पण डिस्क उघडण्यासाठी आधी तोच ड्रायव्हर हवा, असा हा पेच आहे. किल्ली कुलपाच्या आत राहावी तशी स्थिती. म्हणून आवाजाचा किंवा छपाईयंत्राचा ड्रायव्हर जसा नंतर सवडीने घालता येतो, तसा हा घालता येत नाही.

नियंत्रकाची ओळख

योग्य ड्रायव्हर निवडण्यासाठी नियंत्रकाचा नेमका क्रमांक ठाऊक असावा लागतो. पीसीआय पद्धतीच्या प्रत्येक उपकरणाला निर्मात्याचा एक व उपकरणाचा एक असे दोन षोडशमान क्रमांक असतात. इंटेलचा निर्माता-क्रमांक ८०८६ आहे. कंपनीच्या १९७८ मधील गाजलेल्या प्रक्रियकाचेही नाव तेच असल्याने तो सहज लक्षात राहतो. आयसीएच७एम या लॅपटॉप-मालिकेतील एएचसीआय नियंत्रकाचा उपकरण-क्रमांक २७सी५, आयसीएच८एमचा २८२९ व आयसीएच९एमचा २९२९ आहे. संगणकावर एखादी प्रणाली आधीच चालू असल्यास डिव्हाइस मॅनेजरच्या तपशिलात हे क्रमांक वाचता येतात. ती नसल्यास सीडी किंवा पेनड्राइव्हवरून थेट चालणारी लिनक्स हे काम करते. त्याच लिनक्सने डिस्कवरील मजकूर दुसरीकडे उतरवूनही घेता येतो, आणि कोणताही प्रयोग करण्यापूर्वी तो उतरवणेच शहाणपणाचे ठरते.

एफ-६ आणि फ्लॉपी

सीडीवर नसलेल्या ड्रायव्हरची तजवीज एक्सपीच्या निर्मात्यांनी केली होती, पण ती सर्व्हर-संगणकांतील स्कझी व रेड नियंत्रकांसाठी. बसवण्याची क्रिया सुरू होताच पडद्याच्या तळाशी एफ-६ कळ दाबण्याची सूचना काही क्षण दिसते. कळ दाबली तरी लगेच काहीच घडत नाही. यामुळे अनेकांना कळ लागली नाही असे वाटते. प्रत्यक्षात सीडीवरील फायली चढवून झाल्यावर वेगळा पडदा येतो. तेथे एस कळ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी द्यावयाची असते.

या फ्लॉपीवर टीएक्सटीसेटअप नावाची व ओईएम विस्ताराची एक फाइल असते. कोणत्या क्रमांकाच्या नियंत्रकाला कोणती फाइल लागेल याची जंत्री तीत दिलेली असते. ती आणि तिच्यासोबतच्या फायली फ्लॉपीवर उघड्या ठेवाव्या लागतात. त्या उपफोल्डरात राहिल्या तर सापडत नाहीत, आणि ही चूक फार वेळा होते. पुढे दिसणाऱ्या यादीत जवळजवळ सारख्या नावांचे अनेक नियंत्रक असतात. इंटेलच्या नावांत शेवटचे एम हे अक्षर लॅपटॉपची मालिका दाखवते, तर आर हे अक्षर रेडची सोय दाखवते. चुकीची ओळ निवडल्यास पुन्हा तोच निळा पडदा समोर येतो. पुढे फायली डिस्कवर उतरवताना फ्लॉपी पुन्हा वाचली जाते, म्हणून ती मध्येच काढू नये.

खरी अडचण अशी की एक्सपीचा हा टप्पा ड्रायव्हर केवळ फ्लॉपीवरूनच स्वीकारतो. पेनड्राइव्ह किंवा दुसरी सीडी तेथे चालत नाही. ज्या संगणकांना या ड्रायव्हरची गरज पडू लागली, त्यांतून फ्लॉपीचा कप्पा तोवर नाहीसा होत चालला होता. यूएसबीने जोडण्याची फ्लॉपी-यंत्रे मिळत, परंतु त्यांपैकी काही ठरावीकच या टप्प्यात ओळखली जात.

सीडीतच ड्रायव्हर मिसळणे

फ्लॉपी टाळण्यासाठी ड्रायव्हर सीडीच्या प्रतीतच मिसळण्याची पद्धत रूढ झाली. तिला स्लिपस्ट्रीम म्हणतात. एनलाइट ही विनामूल्य आज्ञावली यासाठी सर्वाधिक वापरली गेली. मूळ सीडी संगणकावर उतरवून घ्यायची, तिसरा सुधारणा-संच व ड्रायव्हर तीत घालायचे आणि नवी सीडी जाळायची, असा हा क्रम आहे. ड्रायव्हर जोडताना तो ‘टेक्स्टमोड’ प्रकारचा म्हणून निवडणे महत्त्वाचे असते. साध्या प्रकाराने जोडलेला ड्रायव्हर विंडोज बसल्यानंतरच उपयोगी पडतो, तोवर गाडी पुढे जातच नाही. एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या नियंत्रकांची भर घालणारे तयार ड्रायव्हर-संचही स्वयंसेवकांनी सिद्ध केले. संगणकदुरुस्तीच्या दुकानांत अशा तयार सीडींचा सर्रास वापर होई.

बायोसमध्ये पद्धत बदलणे

अनेक संगणकांच्या बायोसमध्ये साटा नियंत्रक आयडीई, एएचसीआय की रेड पद्धतीने चालवावा हे निवडता येते. आयडीई निवडल्यास नियंत्रक जुन्या जोडणीची नक्कल करतो व एक्सपी विनातक्रार बसते. आज्ञांची क्रमवारी व चालू स्थितीत डिस्क बदलण्याची सोय यात गमावली जाते. एकट्या माणसाच्या नित्याच्या कामात हा फरक क्वचितच जाणवतो, त्यामुळे हाच सर्वांत सोपा मार्ग मानावा लागतो. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये मात्र हा पर्याय दिलेला नसतो आणि पुढील काळातील नियंत्रकांतून तो काढून टाकण्यात आला. ‘रेड’ हा पर्याय केवळ करून पाहण्यासाठी निवडू नये. तेथे नवा डिस्क-समूह तयार केल्यास आधीचा मजकूर हाती लागत नाही.

आयडीई पद्धतीत बसवलेली एक्सपी नंतर थेट एएचसीआयवर नेल्यास ७बी चूक येते. बायोसमधील निवड पूर्ववत केली की ती पुन्हा चालते. बदल करायचाच असल्यास आधी चालू विंडोजमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर घालावा लागतो आणि तो आरंभीच चालू होईल अशी नोंद रजिस्ट्रीत असावी लागते. मदरबोर्ड जळाल्यावर जुनी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली असता हाच प्रसंग ओढवतो. बदल आधीपासून ठरलेला असेल, तर आयडीई नियंत्रकाचा ड्रायव्हर ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल’ या सर्वसाधारण प्रकारात बदलून ठेवल्यास स्थलांतर पुष्कळदा सुखरूप पार पडते.

डिस्कच्या आकाराच्या मर्यादा

ड्रायव्हर मिळाला तरी सगळे संपत नाही. मूळ एक्सपी डिस्कवरील जागेचा पत्ता २८ अंकस्थानांत लिहिते. ५१२ बाइटांच्या २६,८४,३५,४५६ खंडांपलीकडे, म्हणजे सुमारे १३७ अब्ज बाइटांपलीकडे, तिची दृष्टी पोहोचत नाही. ४८ अंकस्थानांच्या पत्त्याची सोय २००२ मधील पहिल्या सुधारणा-संचाने दिली. मोठ्या, मजकूर असलेल्या डिस्कवर मूळ सीडी चालवली तर पलीकडच्या भागासाठीचे लेखन आरंभीच्या भागावर उमटून फायली नष्ट होऊ शकतात. म्हणून सुधारणा-संच मिसळलेली सीडी वापरणे येथे सक्तीचेच समजावे. बत्तीस-बिट एक्सपीला जीपीटी पद्धतीची विभागणीही वाचता येत नाही, त्यामुळे सुमारे २.२ टेराबाइटांपुढील जागा तिला सहसा निरुपयोगी असते.

आजची गरज

एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. भारतात रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना एटीएम यंत्रांवरील आधार संपलेल्या प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलण्याचा आदेश दिला. तरीही काही ठिकाणी एक्सपी टिकून आहे. प्रयोगशाळेतील उपकरणे व कारखान्यातील यंत्रे यांची आज्ञावली पुष्कळदा तिच्यावरच चालते, आणि ती बदलायची तर यंत्रच बदलावे लागते. मराठी मुद्रणव्यवसायाचेही असेच आहे. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी यांच्या जुन्या आवृत्त्या आणि पेजमेकर यांवर जुळवलेली पुस्तके व दिवाळी अंक त्या काळच्या, युनिकोड नसलेल्या अक्षरसाच्यांत आहेत. ती मूळ मांडणीसह उघडण्यासाठी काही मुद्रक जुना संगणक जपून ठेवतात.

हार्डवेअरचे कुलूप किंवा विशिष्ट कार्ड लागत नसेल, तर अशा संगणकाची प्रतिमा घेऊन ती आभासी यंत्रात चालवणे हिताचे ठरते. आभासी यंत्राला आयडीई नियंत्रक दिला की ड्रायव्हरचा प्रश्न उरत नाही. केव्हीएमसारख्या व्यवस्थेत अधिक वेगासाठी विर्टिओ नियंत्रक निवडल्यास मात्र एफ-६ व फ्लॉपी पुन्हा आलीच, फक्त ती फ्लॉपी आता एक फाइल असते. खऱ्या संगणकावर चालवायचेच झाल्यास तो महाजालापासून तोडलेला असावा. नव्या विंडोजमधील एएचसीआय व एनव्हीएमई ड्रायव्हर एक्सपीसाठी बदलून घेतलेलेही जाणकारांनी तयार केले आहेत, पण निर्मात्याने ते तपासलेले नाहीत. असा ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात पूर्ण अधिकाराने वावरतो, हे विसरता येत नाही.

नंतरच्या प्रणाली

हीच अडचण पुढच्या पिढ्यांतही आली. विंडोज ७ मध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर आहे, पण एनव्हीएमई डिस्कचा नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने नंतर वेगळी दुरुस्ती दिली व ती बसवण्याच्या प्रतीत मिसळावी लागते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपांत व्हीएमडी ही सोय चालू असल्यास विंडोज १० किंवा ११ बसवतानाही डिस्कची यादी रिकामी दिसते. व्हिस्टापासून मात्र या टप्प्यावर ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून देता येतो. ‘लोड ड्रायव्हर’ ही कळ निवडून संगणकाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवलेला ड्रायव्हर दाखवला की डिस्क यादीत उमटते.