पॉली, सारा

(८ जानेवारी १९७९ – ). कॅनडातील पटकथालेखिका, चित्रपट-दिग्दर्शिका आणि अभिनेत्री. जन्म टोरांटो येथे. आई डायन अभिनेत्री होत्या आणि चित्रपटांसाठी नटनट्यांची निवड करण्याचे कामही करीत. वडील मायकेल मूळचे ब्रिटिश, तेही नट. पाच भावंडांत सारा धाकट्या. शाळेत पुरते जायला लागण्याआधीच त्या कॅमेऱ्यासमोर आल्या. डिस्नेच्या ‘वन मॅजिक ख्रिसमस’मध्ये (१९८५) त्यांची भूमिका होती आणि १९८८ मध्ये ‘रमोना’ ही दूरचित्रवाणी मालिका त्यांच्याच खांद्यावर उभी होती.

त्याच वर्षी टेरी गिलियम यांचा ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ बॅरन मुंचाउसेन’ प्रदर्शित झाला. या भव्य कल्पनारम्य चित्रपटाचे बरेच चित्रीकरण रोममध्ये झाले. पडद्यावर युद्धभूमीतून धावत सुटलेली धिटुकली सॅली दिसते. ती भूमिका करणारी मुलगी मात्र भोवतीच्या स्फोटांनी खरोखरच भेदरलेली होती, आणि ती भीती पुढे वर्षानुवर्षे टिकली. मोठेपणी पॉली यांनी गिलियम यांना पत्र लिहून याचा जाब विचारला. नंतर त्यावर एक दीर्घ निबंधही लिहिला. त्यात दोष एकट्या दिग्दर्शकाच्या माथी मारलेला नाही. कलाकृती थोर असली की मुलाच्या जिवाला घोर लागला तरी चालतो, असे मानणारे सगळेच मोठे, स्वतःचे आईवडीलसुद्धा, त्यांनी त्या निबंधात तपासले आहेत.

१९९० मध्ये सीबीसीवर ‘रोड टू अॅव्हनली’ ही मालिका सुरू झाली आणि पॉली कॅनडात घरोघरी ओळखल्या जाऊ लागल्या. ल्यूसी मॉड माँटगोमेरी यांच्या कथांवरील या मालिकेत त्या सारा स्टॅन्ली झाल्या होत्या. ही आई नसलेली मुलगी प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या नातलगांकडे येऊन राहते. मालिका पडद्यावर आली त्याच महिन्यात, पॉली यांना अकरावे वर्ष पूर्ण झाले त्याच आठवड्यात, त्यांच्या आई कर्करोगाने गेल्या. मालिकेचे काम मात्र चालूच राहिले. आखाती युद्धाच्या काळात एका पारितोषिक समारंभात त्यांनी शांततेचे चिन्ह गळ्यात घातले. मालिका अमेरिकेत दाखवणाऱ्या डिस्नेच्या मंडळींनी ते काढायला सांगितले, पण त्यांनी काढले नाही. पौगंडावस्थेतच त्या घराबाहेर राहू लागल्या, शाळा सुटली आणि डाव्या राजकारणात त्या ओढल्या गेल्या. १९९५ मध्ये ऑन्टारिओच्या हुजूरपक्षीय सरकारविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांशी झालेल्या झटापटीत त्यांचे दात पडले.

अभिनेत्री म्हणून पुढचा टप्पा अॅटम इगोयन यांच्या ‘द स्वीट हिअरआफ्टर’चा (१९९७). शाळेच्या बसला झालेल्या अपघातातून वाचलेली निकोल ही त्यांची भूमिका आजही त्यांचे सर्वोत्तम काम वाटते. यानंतर हॉलिवुडचे दार सताड उघडले होते. ‘ऑलमोस्ट फेमस’मधली मुख्य नायिकेची भूमिका हाती आलेली असताना त्या त्यातून बाहेर पडल्या आणि ती केट हडसन यांच्याकडे गेली. पॉली टोरांटोला परतल्या, कॅनेडियन फिल्म सेंटरमध्ये दिग्दर्शन शिकल्या, लघुपट केले.

पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘अवे फ्रॉम हर’ (२००६). आइसलँडमध्ये एका चित्रपटाचे काम आटोपून परतताना विमानात त्यांनी अॅलिस मन्रो यांची ‘द बेअर केम ओव्हर द माउंटन’ ही कथा वाचली. आइसलँडमधल्या त्या चित्रपटात ज्युली क्रिस्टी यांनीही काम केले होते, त्यामुळे कथेतली फिओना त्यांना क्रिस्टींच्याच चेहऱ्याने दिसू लागली. फिओनाला अल्झायमर झाला आहे. धुतलेला तवा ती पुसते आणि शांतपणे फ्रीझरमध्ये ठेवते. नवरा, ग्रँट, पाहत राहतो. पुढे शुश्रूषागृहात पहिले तीस दिवस भेटीला बंदी, आणि ती उठते तेव्हा फिओनाचा जीव दुसऱ्याच एका रुग्णावर जडलेला. मन्रो यांची कथा सरळ रेषेत जात नाही, आणि पॉली यांनीही ती सरळ केली नाही. ग्रँट त्या रुग्णाच्या बायकोच्या दारी जातो, तो प्रसंग त्यांनी तुकड्यातुकड्यांनी चित्रपटभर विणला. त्यामुळे प्रेक्षकाला ग्रँट कुठे पोचणार हे आधी कळते, का जातो आहे ते मागाहून. सत्तावीस वर्षांच्या बाईने चव्वेचाळीस वर्षांच्या संसारावर इतक्या संयमाने लिहावे, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. क्रिस्टी यांना अभिनयासाठी आणि पॉली यांना रूपांतरित पटकथेसाठी ऑस्कर नामांकन मिळाले. कॅनडाच्या जिनी पारितोषिकांत चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा हे तिन्ही मान याच चित्रपटाला मिळाले.

‘टेक धिस वॉल्ट्झ’ (२०११) ही त्यांची स्वतंत्र पटकथा. टोरांटोतला उकाडा, कोंबडीच्या पाककृतींचे पुस्तक लिहिणारा प्रेमळ नवरा, आणि समोर राहणारा, रिक्षा ओढून पोट भरणारा चित्रकार. टोरांटोत हातरिक्षा हे वाचून मराठी वाचक दचकेल, पण तिथे ती पर्यटकांसाठी असते. संवाद कुठे कुठे फार गोड झाले आहेत. जलतरण तलावाच्या न्हाणीघरात तरुण आणि म्हाताऱ्या बायका उघड्या अंगाने, सहज गप्पा मारत आंघोळ करतात तो प्रसंग मात्र विसरता येत नाही.

त्यांची सर्वांत मौलिक कृती ‘स्टोरीज वी टेल’ (२०१२) हा माहितीपट. धाकटी सारा वडिलांसारखी दिसत नाही, ही घरातली जुनी थट्टा. डायन यांनी १९७८ मध्ये माँट्रिअलला एका नाटकात काम केले होते, त्या दिवसांत तिचे मूळ होते. डीएनए चाचणीने सिद्ध झाले की जन्मदाते वडील म्हणजे चित्रपटनिर्माते हॅरी गुल्किन. काही पत्रकारांना हे कळले होते. पॉली यांनी विनवणी करून बातमी थांबवली. मग भावंडे, आईच्या मैत्रिणी, दोन्ही वडील, सगळ्यांना एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसवले आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. निवेदन मायकेल यांनीच लिहिले आहे. ध्वनिमुद्रण कक्षात ते आपल्याच बायकोच्या परपुरुषाशी आलेल्या संबंधाचा मजकूर वाचत असतात आणि काचेपलीकडून मुलगी त्यांना एखादी ओळ पुन्हा वाचायला सांगते. लेक आणि दिग्दर्शिका यांतली कोण बोलते आहे ते कळेनासे होते. घरगुती वाटणाऱ्या सुपर-८ चित्रफितींतला बराच भाग नटनट्यांकडून नव्याने चित्रित केलेला आहे, हे प्रेक्षकाला बऱ्याच उशिरा उमगते. हा खेळ काहींना फसवणूक वाटला. वस्तुतः आठवणी कशा रचल्या जातात याविषयी जे म्हणायचे आहे, ते इथे तंत्रातूनच म्हटले आहे.

मार्गारेट अॅटवुड यांच्या ‘एलियस ग्रेस’ या कादंबरीचे हक्क पॉली यांनी सतराव्या वर्षीच मागितले होते. तेव्हा नकार आला. १८४३ मधील एका खुनाच्या खटल्यावरील ही कथा अखेर २०१७ मध्ये सहा भागांची मालिका झाली. सर्व भाग पॉली यांनी लिहिले, दिग्दर्शन मेरी हॅरन यांचे. त्याआधी २०१५ मध्ये डोक्यावर अग्निशामक नळकांडे पडून त्यांच्या मेंदूला मार बसला होता आणि कामात दीर्घ खंड पडला. त्रास देणाऱ्या गोष्टी टाळू नका, उलट त्यांच्याच दिशेने जा, असे एका डॉक्टरांनी सांगितले. त्यावरूनच ‘रन टुवर्ड्स द डेंजर’ (२०२२) या सहा निबंधांच्या पुस्तकाला नाव मिळाले.

‘विमेन टॉकिंग’ (२०२२) हा मिरियम टेव्झ यांच्या २०१८ मधील कादंबरीवरचा चित्रपट. बोलिव्हियात मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका वसाहतीत बायकांना गुंगीचे औषध देऊन त्यांच्यावर बलात्कार झाले होते, त्या घटनेचा तिला आधार आहे. गवताच्या माळ्यावर बायका जमतात आणि काहीच करायचे नाही, राहून लढायचे, की निघून जायचे, यावर वाद घालतात. अक्षरओळख नसल्यामुळे मतदान चित्रांवर होते. कादंबरीत निवेदक पुरुष आहे, चित्रपटासाठीही आधी तोच होता. संकलन चालू असताना ते साधेना, तेव्हा पॉली यांनी निवेदन नव्याने लिहून ऑत्ये या किशोरवयीन मुलीच्या तोंडी दिले. ती एका न जन्मलेल्या बाळाशी बोलते. चित्रपट त्यामुळेच उभा राहिला. लेकुरवाळ्यांना वेळेवर घरी जाता यावे म्हणून कामाचे तास आटोपशीर ठेवले होते आणि अवघड प्रसंगांसाठी सेटवर मानसशास्त्रज्ञ हजर असे. रोममधल्या त्या सेटची आठवण इथे न सांगताही येते. मार्च २०२३ मध्ये या पटकथेला रूपांतरित पटकथेचे ऑस्कर मिळाले. पारितोषिक घेताना ‘बायका’ आणि ‘बोलणे’ हे दोन शब्द एवढ्या जवळ आणूनही अकादमीने राग मानला नाही, याबद्दल पॉली यांनी तिचे मिश्कील आभार मानले.

अभिनय त्यांनी जवळजवळ सोडला आहे. २०२५ मध्ये ‘द स्टुडिओ’ या विनोदी मालिकेच्या एका भागात त्या स्वतःचीच भूमिका करताना दिसल्या. मावळतीच्या उजेडात एक लांबलचक प्रसंग अखंड टिपू पाहणारी दिग्दर्शिका आणि मध्ये लुडबुड करून तो बिघडवणारा स्टुडिओप्रमुख, असा त्या भागाचा मामला आहे.