खार आणि कडुनिंब : एका नावाखालचे दोन जीव

गेवराई तालुक्यात कडुनिंब नसलेली शाळा शोधावी लागेल. आणि कडुनिंब म्हटला की खार आलीच. एक सस्तन प्राणी, दुसरा सपुष्प वृक्ष. या दोन सृष्टींमधील फरकांचा तक्ता आपण दरवर्षी फळ्यावर काढतो. परंतु दोघांच्या शास्त्रीय नावांचा इतिहास ताडून पाहिला, तर निराळेच साम्य हाती लागते.

लिनियसने १७५३ साली कडुनिंबाला 'मेलिया अझाडिरॅक्टा' म्हटले, म्हणजे बकाण निंबाच्याच प्रजातीत बसवले. १८३० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आद्रियाँ द ज्युसिअ याने 'अझाडिरॅक्टा' ही स्वतंत्र प्रजाती केली. शब्द मूळचा फारसी, 'आझाद दरख्त'. आपल्या खेड्यांत मात्र कडुनिंब आणि बकाण ही नावे वेगळीच होती!

खारीला अधिक काळ थांबावे लागले. १७६६ साली लिनियसने तिला 'पाल्मारम' हे जातिनाम दिले. पुढे १८३५ मध्ये लेसनने 'फुनाम्बुलस' ही प्रजाती केली. लॅटिनमध्ये याचा अर्थ दोरावर चालणारा, आपला डोंबारीच म्हणा. पण पट्टेवाल्या खारी दोन जातींच्या आहेत, हे १९०५ मध्ये रॉटन यांनी दाखवले. ते मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होते. तीन पट्ट्यांची ती 'पाल्मारम', पाच पट्ट्यांची 'पेनँटाय'. कडुनिंबाला ७७ वर्षे लागली, खारीला १३९. आमच्या मते यात नवल नाही. युरोपातल्या कपाटातील वाळक्या कातड्यापेक्षा रानात वावरणाऱ्या माणसाला अधिक दिसते.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. कपाशीवर फवारायचा निंबोळी अर्क कडुनिंबाच्याच बियांचा हवा. त्यातील कीडरोधक द्रव्य १९६८ साली वेगळे काढण्यात आले आणि प्रजातीवरूनच त्याला 'अझाडिरॅक्टिन' हे नाव मिळाले. बकाणाची फळे तर माणसांना व गुरांना विषारी. मुलांना दोन्ही झाडांच्या फांद्या शेजारी ठेवून दाखवाव्यात. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते, बकाणाचे दोन-तीनदा. खारीचे काम थोडे अवघड आहे. ती स्थिर बसत नाही, आणि कडेचे दोन पट्टे फिकट असल्याने पाचाचे तीनच मोजले जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात, ती खोडावर पाठमोरी असताना मोजावे.