शतपत्रांना उत्तर

‘लोकहितवादी’ या टोपणनावाची पत्रे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये छापून येऊ लागली. लेखक गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. त्यांनी घोकंपट्टीच्या विद्येवर कोरडे ओढले, पाश्चात्त्य भौतिक विद्यांचा आग्रह धरला, आणि येथेही पार्लमेंट असावे असे सुचविले. विज्ञान, यंत्रे आणि राज्यकारभार ही त्यांच्या लेखी एकाच प्रश्नाची अंगे होती : आपले राज्य का गेले?

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त या विचारांचा जहाल समाचार घेतला. त्यांच्या उपरोधात अन्याय आहे. तथापि स्वाभिमान गमावलेल्या समाजाला परकी विद्या तरी कशी पचेल, ही त्यांची शंका क्षुल्लक नव्हे.

आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई-पुण्याचा हा वाद तलवाड्याच्या विद्यार्थ्याला आज पाठ्यग्रंथ म्हणूनच भेटतो, आणि तोही निम्मा : एका प्रश्नात लोकहितवादी, दुसऱ्यात चिपळूणकर. वादातील एकच बाजू वाचणे म्हणजे वाद न वाचणे होय. शतपत्रे उत्तराच्या अपेक्षेने लिहिली गेली होती. वर्गात दोघे शेजारी ठेवावेत, आणि तिसरे पत्र विद्यार्थ्याने लिहावे.